एक पुरुष आणि वर एक हात

खालापूरजवळच्या ज्या कारखान्यात सुरभी कामाला होती, तिथे दाब मोजणारी गेजं तपासण्यासाठी एक वेगळी खोली होती. बॉयलरवरून, कॉम्प्रेसरवरून उतरवलेली गेजं तेलानं माखून, काचेवर बोटांचे ठसे घेऊन तिच्या टेबलावर येत. ती पुसायची, यंत्राला जोडायची, दांड्यावर एकेक वजन ठेवायचं आणि काटा कुठे थांबतो ते बघायचं. बाहेर मे महिना तापलेला असला तरी खोली गार असे. आवाज एकच, एसीचा. अशा खोलीत काट्याकडे बघत दिवस काढला की माणसाला बसल्या जागी, उघड्या डोळ्यांनी झोप लागल्यासारखं होतं. सुरभीला ते आवडायचं.

गेजच्या तोंडावर आकड्यांची एकात एक वर्तुळं असत. बाहेरचं वर्तुळ एक बार म्हणायचं तेव्हा आतलं साडेचौदा पीएसआय म्हणायचं, आणि दोघंही खरं बोलत असत. बॉयलरवाल्यांचा हिशेब किलोत. परदेशातून आलेल्या मशिनचा बारमध्ये. कशेळ्याच्या नाक्यावरचा पंक्चरवाला तेच पीएसआय 'पाउंड' म्हणून भरायचा. सुरभीला हे सगळं एकमेकांत बदलायची इतकी सवय झाली होती की ते डोक्यात आपोआप व्हायचं, जसं कुणाला पायरी दिसली की पाय उचलला जातो.

कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात सरांनी एक मोकळं गेज हातात देऊन विचारलं होतं, "काटा कुठे आहे?"

"शून्यावर."

"म्हणजे आत दाब नाही?"

तिनं काटा पुन्हा बघितला. सर म्हणाले, "हवेचं ओझं आधीच आहे. सगळ्यांवर सारखं आहे, म्हणून आपण ते धरत नाही. तिथून पुढचं मोजतो."

"किती असतं सर ते?"

"दहा मीटर पाण्याएवढं. थोडं जास्तच."

त्या संध्याकाळी कंपनीच्या बसमधून कर्जतला येताना तिनं खिडकीबाहेर बघितलं आणि सगळा मुलूख पाण्याखाली गेलेला तिला दिसला. विजेच्या खांबांच्या जरा वर पाण्याची पातळी, चमचमणारी. खाली भाताच्या रिकाम्या खाचरांत माणसं हळू हळू चाललेली. बगळे उडत होते ते खरं म्हणजे पोहत होते. कुणालाच काही वाटत नव्हतं, कारण जन्मल्यापासून सगळे तळाशीच राहिलेले. पुढे कधीतरी तिनं माथेरानचाही हिशेब केला. डोंगर चढून वर गेलं की डोक्यावरचं दोन हात पाणी कमी होतं. घाटात कान वाजतात ते त्या दोन हातांमुळे. हॉटेलात कामाला जाणारी माणसं रोज दोन हात वर जाऊन संध्याकाळी पुन्हा खाली बुडी मारतात, असं ती मनाशी म्हणायची आणि हसायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पाण्याचं तिला एवढं का, तर बापामुळे.

येसाजी पाणबुड्या होता. कशेळ्याच्या पुढे मुरबाड रस्त्यावरून आत गेलं की त्यांचं गाव. गावाला भात, थोडा वाल, आणि येसाजीला वर हे एक कसब. विहिरीत घागर पडली, मोटर पडली, फुटव्हॉल्व्हमध्ये काही अडकलं, झऱ्याच्या तोंडावर दगड बसला की आसपासच्या गावांतून बोलावणं यायचं. कमरेला दोर बांधून, छाती भरून घेऊन तो खाली जायचा. त्याचा दोर काथ्याचा, काळा पडलेला. ठरावीक अंतरावर गाठी. एक गाठ म्हणजे एक पुरुष. विहिरी पुरुषातच मोजायच्या ही तिकडची जुनी रीत, फक्त तोंडात शब्द 'पुरुस' असा यायचा. सहदेवची विहीर चार पुरुस, देवळाकडची तीन. फूट-मीटर येसाजीला कळत नव्हते असं नाही, पण ते जमिनीवरचे. पाण्यात उतरल्यावर पुरुषच.

लहानपणी सुरभी काठावर बसून दोर सैल सोडायची. वर आल्यावर बाप सांगायचा, "पहिल्या पुरुसाला कान भरतात. दुसऱ्याला कोणतरी कानात बोट घालतं. तिथं नाक दाबून फुंकायचं. तिसऱ्याला मंग काय नाय. गपगार. तुझी आयस पन ऐकू यीत नाय."

"म्हनून तर जाताव तिथं," सुरभीची आई, भागूबाई म्हणायची.

आणि एक नियम तो दर वेळी सांगायचा. खाली जाताना दगडासारखं जा, वर येताना कापसासारखं ये. वर येताना घाई करायची नाय.

याच पावसाळ्याआधीची गोष्ट. कशेळ्याच्या बाजाराला गेलेला येसाजी गुडघ्याच्या दुखण्यासाठी दवाखान्यात शिरला. डॉक्टरीणबाईंनी आधी दंडाला पट्टा बांधला. मग थोडं बसायला सांगून पुन्हा बांधला. मग दुसऱ्या हाताला. आकडा एकशे नव्वदच्या खाली येईना. गुडघा राहिला बाजूला. बाईंनी रक्त तपासायला घेतलं, छातीची ईसीजीची पट्टी काढली, गोळ्या लिहून दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की गोळी रोज घ्यायची, मीठ कमी, आणि मी सांगेपर्यंत विहिरीत उतरायचं नाही. श्वास कोंडून खाली गेलात आणि डोक्यातली शीर फुटली तर वर काढायला कुणी नसेल.

हे सगळं घरी आलं ते येसाजीच्या पद्धतीनं.

"पारा चढलाय म्हंते माजा," तो ओट्यावर बसत म्हणाला. "एकशे नव्वद. आता पारा चढतो तो रागानं. मी रागावलोय का? बाजारात गेलो, वांगी घेतली, शेंगदाणं खाल्लं. कोनावर रागावनार?"

"आबा, तो पारा वेगळा," सुरभी म्हणाली. "मोजायच्या नळीतला पारा. रक्ताचा दाब त्या पाऱ्यावर मोजतात."

"माज्या अंगात पारा हाय?"

"नाय."

"मंग माजं पाऱ्यावर कशाला मोजायचं?"

भागूबाई आतून म्हणाली, "रागवत नाय म्हंतो. परवा ताटात भाजी खारट नाय म्हून कोन वराडलं?"

"ते मिठावर. मानसावर नाय."

सुरभीनं समजावून बघितलं. पण समजावताना तिचंच तिला जाणवलं, की दिवसभर ती बार आणि किलो आणि पीएसआय एकमेकांत बदलते, पण मिलिमीटर पारा तिनं कधी कशातच बदललेला नाही. तो तिच्या टेबलावर येतच नाही. दवाखान्यातला आकडा तिनं दवाखान्यातच राहू दिला होता, सगळे राहू देतात तसा. एकशे नव्वद म्हणजे जास्त, एवढंच तिलाही माहीत होतं.

गोळ्यांची पट्टी भिंतीतल्या दिवळीत गेली. तिथे देवाची काडेपेटी होती, पाट्याला टाके घालायची जुनी छिन्नी होती, आणि आता ती रुपेरी पट्टी. रोज सकाळी भागूबाई बघायची. रोज तेवढ्याच गोळ्या. येसाजीचं म्हणणं साधं होतं. गोळी घेतली की दम तुटतो. पलीकडच्या गावातला एकजण गोळ्या लागल्यापासून जिना चढताना बसतो. मला काय होतंय? डोकं दुखत नाय, चक्कर नाय. ज्याला काय होत नाय त्यानं गोळी कशाला घ्यायची.

त्यात सहदेवचा निरोप आला. त्याच्या विहिरीत सोडलेल्या पाणबुडी मोटरचा पाइप सांध्यातून सुटला होता आणि मोटर चार पुरुष खाली तळाला बसली होती. आंब्याला, भाजीला पाणी बंद. रविवारी सकाळी येसाजीदानं यावं.

"एका पानबुडीला काढायला दुसरी पानबुडी," येसाजी खूश होऊन म्हणाला. त्यानं माळ्यावरून दोर काढला आणि ओट्यावर उन्हात पसरला.

शनिवारी सुरभी कामावर निघाली तेव्हा तो गाठी तपासत होता. भागूबाई चुलीशी पाठमोरी बसली होती. ती ओरडली नाही. हळूच म्हणाली, "सुरे, मी काय बोलू आता. पानी डोक्यावरनं चाललं."

कशेळ्यापर्यंत स्कूटर, तिथून जीप, कर्जतहून बस. त्या सगळ्या वाटेवर ते वाक्य सुरभीच्या बरोबर आलं. बसमध्ये डुलकी लागली आणि तिच्या नेहमीच्या स्वप्नातलं पाणी खिडकीच्या काचेवर चढत गेलं. या वेळी ते दहा मीटरांचं सगळ्यांचं पाणी नव्हतं. त्या पाण्याच्या आत आणखी एक पाणी होतं, एकट्या माणसाच्या आकाराचं.

खोलीत आल्यावर तिनं पहिलं गेज यंत्राला लावलं, पण वजन ठेवलं नाही. पारा पाण्यापेक्षा साडेतेरा पट जड. नेमकं सांगायचं तर तेरा पूर्णांक सहा. एकशे नव्वद मिलिमीटर पारा. गुणाकार तिनं कॅल्क्युलेटरवर एकदा केला आणि मग हातानं पुन्हा केला. दोन मीटर अठ्ठावन्न सेंटिमीटर पाणी.

तिनं एकशे वीस घेऊन बघितलं. एक मीटर त्रेसष्ट. ती जागची उठली आणि दाराच्या चौकटीपाशी जाऊन उभी राहिली. एक मीटर त्रेसष्ट म्हणजे ती स्वतः होती, जवळजवळ. निरोगी माणसाच्या अंगात तो उभा राहिला तर जेवढा होईल तेवढं पाणी. धमनीला काचेची नळी जोडली तर रक्त, पाण्यासारखं हलकं धरलं तर, साधारण त्याच्याच उंचीएवढं चढेल. रक्त पाण्याहून थोडं जड, म्हणून थोडं कमी. पण हिशेब पाण्याचाच बरा. तिला ते इतकं नीटनेटकं वाटलं की क्षणभर ती बापाला विसरली. बसमधली सगळी माणसं तिला दिसली, प्रत्येकाच्या आत पाण्याचा एकेक उभा खांब, टाळूपर्यंत भरलेला. डॉक्टरीणबाईंचा आकडा पाऱ्याचा पोशाख उतरवून समोर उभा राहिला होता आणि तो माणसासारखा दिसत होता.

मग तिनं दोन मीटर अठ्ठावन्न कुठे येतं ते बघितलं. ते चौकटीच्या वर होतं. दाराबाहेर, भिंतीवर, स्विचबोर्डाच्या बरंच वर, जिथे कुणाचा हात पोचत नाही आणि जिथे धूळ पुसायची राहते.

"काय झालं?" सरांनी विचारलं.

"काही नाही सर. एक मोजत होते."

"एकक बरोबर घे म्हणजे झालं," सर सवयीनं म्हणाले आणि पुढे गेले.

रविवारी उजाडताना ती बापाबरोबर निघाली. "तू कशाला?" त्यानं विचारलं. "दोर सोडायला," ती म्हणाली, आणि त्याला ते आवडलं. किती वर्षांनी. तिच्या खिशात कारखान्यातली मोजपट्टी होती आणि भागूबाईच्या डब्यातला लाल दोरा.

सहदेवची विहीर जुनी, दगडी, उतरायला पायऱ्या असलेली. काठाला उंबर. सकाळची वाफ अजून पाण्यावर होती आणि उंबराची पडलेली पानं न हलता तरंगत होती. वाऱ्याचं नाव नव्हतं. एवढी शांतता की करवंदीतून एखादं पाखरू उडालं तरी विहिरीत त्याचा आवाज खालून यायचा.

सहदेव चहाची किटली घेऊन आला. हा येसाजीच्या बरोबरीचा, पोट सुटलेला, शेतीतून आता आंब्याच्या धंद्यात शिरलेला. "ये येसाजीदा. पोरगी पन आली का? कंपनीवाली."

"ती दोर सोडनार हाय."

"मंग मला काय काम?"

"तू पैल्यापासून काय करत नवतास, तेच कर."

येसाजीनं सदरा काढला. सुरभीनं दोराचं टोक हातात घेतलं आणि त्याच्या कमरेला बांधण्याऐवजी ती तो ओढून उंबराखाली घेऊन गेली.

"कुठं चाललीस गं?"

"आबा, एक सांगा. हा एक पुरुष," तिनं पहिली गाठ धरली, "यात तुमचा आकडा किती येतो तुम्हाला माहितेय?"

"माजा कंचा आकडा?"

"एकशे नव्वद. पारा नको म्हणालात ना? मी त्याचं पाणी केलंय."

सहदेवनं किटली खाली ठेवली. येसाजी उघड्या अंगानं काठावर उभा राहिला. पाऱ्यावर तो हसला असता. पाणी म्हटल्यावर त्याला ऐकून घेणं भाग होतं.

"चांगल्या माणसाच्या अंगात एक पुरुष पाणी असतं," सुरभी म्हणाली. "पायापासून डोक्यापर्यंत. त्यात माणूस बरा असतो. तुमच्यात अडीच मीटरांच्या वर आहे. मी मोजलंय. तुमच्या डोक्यावर दोन हात पाणी आहे, आबा. आत्ता, इथे उभे आहात तरी. विहिरीत उतरायच्या आधीच."

येसाजीनं डोक्यावर बघितलं, जणू तिथे खरंच काही असेल. मग त्याच्या चेहऱ्यावर ती जुनी, चूक सापडल्याची मजा आली.

"पुरुस कसा मोजलास तू?"

"म्हणजे?"

"पुरुस म्हंजे किती?"

"माणूस. साडेपाच फूट. तुमच्याएवढा."

येसाजी सहदेवकडे वळला. "बघ रं. पानबुड्याची पोर." सहदेव पोट हलवत हसला. "सुरे, पुरुस असा नाय मोजत. दोर बघ तुज्या हातातला. साडेपाच हाय का?"

तिनं पट्टी लावली. टोकापासून पहिल्या गाठीपर्यंत सात फूट भरले. लहानपणापासून तो दोर तिच्या हातातून शेकडो वेळा गेला होता आणि तिनं तो कधी मोजला नव्हता. पुरुष म्हणजे माणूस, आणि माणूस म्हणजे डोक्यापर्यंत, हे तिनं धरूनच चाललं होतं.

"हात वर करून," येसाजी म्हणाला. "मानूस उभा ऱ्हायचा, हात सरळ वर. बोटाच्या टोकापर्यंत पुरुस. आमचा आजा तसाच मोजायचा. तुजा हिशेब सगळा चुकला. दोन हात पानी म्हंतेस ना डोक्यावर? मंग मी हात वर केला का बोटं बाहेर. चल, दोर आन."

सहदेव म्हणाला, "कंपनीत पन असंच मोजता काय गं?"

तिला सर आठवले. एकक बरोबर घे म्हणजे झालं. बापाचा पुरुष धरून मनात मोजलेली तिची एवढ्या वर्षांची सगळी स्वप्नं चुकीच्या पुरुषात होती. विजेच्या खांबावरचं ते पाणी सहा पुरुषांचं नसून पाचाच्याही आत होतं. पण दाब तोच होता. पुरुष बदलला तरी पाणी बदलत नाही. तिनं डोळे मिटले आणि मनात तो दोर उभा केला.

"थांबा," ती म्हणाली. "तुमच्या पुरुषानं करू."

तिनं टोकापासून पट्टी धरली. सात फुटांची गाठ आली. ती ओलांडून पट्टी पुढे सरकली. दोन मीटर अठ्ठावन्नला तिनं थांबून दोराला लाल दोरा बांधला, घट्ट, दोन फेरे. मग गाठीपासून लाल दोऱ्यापर्यंत तिनं आपलं कोपर लावलं. कोपरापासून बोटापर्यंत. नेमकं.

"एक पुरुष," ती म्हणाली, "आणि वर एक हात. तुमच्या मोजणीनं."

सुरभीनं दोर उंबराच्या फांदीवरून टाकला आणि टोक जमिनीला टेकेल असा सोडला. दोर सरळ लोंबला. वाफ विरत होती आणि कोवळं ऊन पानांतून हिरवं होऊन खाली येत होतं, त्यामुळे उंबराखालची जागा पाण्याखालच्यासारखी दिसत होती.

"उभं ऱ्हाऊन बघा."

तो हसायच्या तयारीत आला. दोराला पाठ लावून उभा राहिला. डोक्याचा मागचा भाग काथ्याला टेकला. मग त्यानं दोन्ही हात वर केले, सरळ, बोटं ताणून. मधलं बोट गाठीला लागलं. चोख एक पुरुष. त्याच्या आज्यानं मोजला असता तसा.

त्यानं मान वर करून बघितलं. लाल दोरा बोटांच्या वर होता, हातभर. त्यानं टाचा उचलल्या. तरी बोटं पोचली नाहीत.

तो तसाच उभा राहिला. सुरभीला वाटलं आता काहीतरी टोमणा येईल. सहदेवलाही तसंच वाटलं असावं, कारण त्यानं किटली उचलली होती. पण येसाजीनं हात खाली घेतले नाहीत. वर केलेल्या हातांकडे तो बघत राहिला, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे.

पाणबुड्याला घागरी आणि मोटरी काढायलाच बोलावतात असं नाही. त्या कामाबद्दल येसाजी घरी कधी बोलायचा नाही. अशा दिवशी तो बाहेरच अंघोळ करून यायचा आणि भागूबाई न विचारता ताट वाढायची. तिसऱ्या पुरुषाच्या पलीकडे, जिथे काही ऐकू येत नाही, तिथे त्यानं काय काय पाहिलं ते त्यालाच माहीत. सुरभीला फक्त एकदाच त्याचं एक वाक्य ऐकू आलं होतं, लहान असताना, आईला सांगताना. सगळ्यांचे हात वरच असतात, तो म्हणाला होता. थोडक्यात राहिलेलं असतं.

सहदेवलाही असंच काही आठवलं असेल. त्याच्याच बुडालेल्या चुलत्याला याच विहिरीतून येसाजीनं काढलं होतं. तो किटली घेऊन नुसता उभा राहिला.

येसाजीनं हात खाली घेतले. घाई केली नाही. दोराला धरून तो उंबराच्या मुळीवर बसला आणि विहिरीत बघू लागला. पाण्यावरची वाफ पूर्ण गेली होती आणि तळाशी कुठेतरी मोटरचा निळा रंग दिसल्यासारखा वाटत होता.

"हे पानी मला कळंना कसं?" तो शेवटी म्हणाला. "मला पैल्या पुरुसाला कळतं."

"कान बाहेरचा दाब सांगतात, आबा. हा आतला आहे."

त्यानं हे वळवून वळवून बघितलं. मग सहदेवला म्हणाला, "मी नाय जात खाली. कर्जतवरनं चेनपुली आन. मी काठावर बसतो, गळ कुठं लावायचा ते सांगतो. मोटर पूर्वंच्या कोपऱ्याला हाय, झऱ्याच्या तोंडाशी. बाकीच्यांना गावायची नाय."

"बरं," सहदेव म्हणाला. त्यानं किटलीतून चहा ओतला. "च्या घे."

येसाजीनं चहा घेतला. सदरा घातला. बटणं लावता लावता सुरभीकडे न बघता विचारलं, "ती गोळी सकाळची हाय का जेवल्यावरची?"

दोर त्या दिवशी माळ्यावर गेला नाही. सुरभीनं तो मधल्या खोलीत वाशाला बांधला, जमिनीला टेकेल असा. येसाजी गोळी घ्यायला लागला, आधी तोंड वाकडं करून आणि मग नुसताच. ठरलेल्या दिवशी तो कशेळ्याला जायचा आणि डॉक्टरीणबाईंना आकडा विचारून घेऊन यायचा. घरी आला की "कर याचं पानी" म्हणायचा. सुरभी तेरा पूर्णांक सहानं गुणायची आणि लाल दोरा सोडून नव्या जागी बांधायची.

दुसऱ्या वेळी दोरा गाठीच्या वर फक्त तीन बोटं होता. येसाजी त्याच्याखाली हात वर करून उभा राहिला. भागूबाईला वाटलं, आता हा म्हणणार की झालं, बास गोळ्या. कारण तसं म्हणणारी माणसं तिच्या माहेरी दोन होती.

"जरासंच ऱ्हायलं," ती मुद्दाम म्हणाली.

"जराशातच असतं सगळं," येसाजी म्हणाला. "वर येताना घाई करायची नाय."

पाऊस सुरू झाला, खाचरं भरली, लावण्या झाल्या. सुरभी बसमधून येता-जाता बघायची तर या वेळी खरंच सगळीकडे पाणी होतं आणि त्यात माणसं वाकून उभी होती. तिच्या स्वप्नातलं पाणी मात्र आता पाच पुरुषांचंच होतं, हात वर केलेल्या पुरुषांचं. स्कूटरच्या चाकातली तीस पाउंड हवा तिच्या हिशेबात पूर्वी बारा पुरुष पाणी असायची, आता दहा. नाक्यावर पंक्चरवाल्यानं "किती भरू?" विचारलं तेव्हा ती एकदा "दहा" म्हणून बसली होती. त्यानं तिच्याकडे बघितलं आणि तीसच भरले.

श्रावणात येसाजी कशेळ्याहून भिजत आला. छत्री दारात उघडी ठेवली, पाय धुतले.

"एकशे चाळीस."

सुरभीनं गुणाकार केला आणि पट्टी धरली. एक मीटर नव्वद. दोरा गाठीच्या खाली आला, पहिल्यांदाच. डोक्याच्या अजून वर होता, वीतभर, पण गाठीच्या खाली.

येसाजी दोराला पाठ लावून उभा राहिला. बाहेर पाऊस एकसुरी पडत होता. घरात उजेड हिरवा, अंधुक. त्यानं हात वर केले. बोटं लाल दोऱ्याच्या वर निघाली, मग पंजे, जवळजवळ मनगटापर्यंत. त्यानं ती बोटं हलवून बघितली.

"डॉक्टरीण काय म्हणाली?" सुरभीनं विचारलं.

"आजून खाली आनायचं म्हनं. गोळी बंद नाय करायची." तो तसाच उभा होता, हात वर. मग चुलीपाशी बसलेल्या भागूबाईला म्हणाला, "बघितलंस का गं? बोटं दिसतात माजी."

भागूबाईनं वळून बघितलं.

"दिसतात," ती म्हणाली.

"मंग धरता येतं," येसाजी म्हणाला.

तिनं हातातलं उलथणं खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि उठून, दोघांना काही कळायच्या आत, त्याची ती वर केलेली बोटं धरून खाली घेतली. "बास," ती म्हणाली. "जेवायला चला."